मशीनगन टेकडीच्या माथ्यावर का ठेवत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्याच एका विद्यार्थ्याने २६ जानेवारीला सीताबर्डीचा किल्ला आतून पाहिला. आता कॉलेजच्या प्रदर्शनासाठी तो त्या दोन टेकड्यांचं मातीचं मॉडेल करतोय. त्याने स्वतःलाच एक गणित घातलं: आजच्या काळातली पायदळाची एक कंपनी (शंभर-सव्वाशे जवान) आणि दोन मशीनगन हाताशी आहेत, टेकडी राखायची आहे. दोन्ही मशीनगन त्याने मोठ्या टेकडीच्या माथ्यावर, शहराकडे तोंड करून मांडल्या, कारण तिथून सगळं दिसतं. त्याचे मामा फौजेत होते. ते म्हणाले, "चूक आहे." कारण मात्र सांगितलं नाही. कारण काय, असं तो विचारतो.

मी पायदळात २६ वर्षं काढली. त्यातली बरीचशी एमएमजी (मध्यम मशीनगन) प्लाटूनमध्ये, आणि शेवटची काही नव्या मुलांना शिकवण्यात गेली. तुमच्या मामांचं बरोबर आहे. पण तुम्ही केलेली चूक प्रत्येक जण पहिल्यांदा करतो, कारण ती डोळ्यांना पटणारी आहे. जिथून जास्त दिसतं तिथून जास्त मारता येतं, असं वाटतं. बघण्याची जागा आणि मारण्याची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुर्बीण घेतलेला माणूस माथ्याजवळ हवा. मशीनगन तिथे असलीच पाहिजे असं नाही, आणि बहुतेक वेळा ती तिथे नसावीच.

आधी एक कबूल करतो. मोर्चा, म्हणजे खोदून लढायची जागा, कुठे घालायचा याचं एकच उत्तर कोणीही देऊ शकत नाही. जमीन कशी आहे, शत्रू पायी येणार की रणगाड्यांतून, तुमच्याकडे माणसं किती, खोदायला वेळ किती, पाठीशी तोफा आहेत का, रात्र आहे की दिवस, हे सगळं बदललं की जागा बदलते. म्हणून मी जागा सांगण्याआधी जागा शोधायची कशी ते सांगतो. एकदा ते कळलं की मॉडेलवर तुमची तुम्हालाच सापडेल.

मशीनगनची गोळी पडते कशी, इथून सुरुवात करा. नेम एकाच ठिकाणी धरून दहा-वीस गोळ्यांची फैर झाडली तरी सगळ्या गोळ्या एका बिंदूवर पडत नाहीत. बागेत पाण्याचा पाइप आडवा धरला की पाणी जमिनीवर जसं लांबट पट्ट्यात पडतं, तसा गोळ्यांचाही पट्टा पडतो. सपाट जमिनीवर तो लांब आणि अरुंद असतो, रुंदीच्या कितीतरी पट लांब. आम्ही त्याला बीटन झोन म्हणतो. मशीनगन कुठे ठेवायची याचं अर्धं उत्तर या पट्ट्याच्या आकारात आहे.

शत्रू हल्ल्याला येतो तेव्हा साधारण आडव्या रांगेत पसरून येतो. तुमची मशीनगन त्याच्या बरोब्बर समोर असेल तर तुमचा लांबट पट्टा त्या रांगेला काटकोनात पडतो. म्हणजे रांगेतल्या एक-दोन माणसांवरून पट्टा जातो, बाकीच्या गोळ्या त्यांच्या पुढे-मागे मातीत. आता तीच मशीनगन बाजूला नेऊन रांगेच्या टोकाकडून मारायला लावा. पट्टा रांगेच्या लांबीवर पडतो. तेवढ्याच गोळ्या, तेवढाच वेळ, आणि अख्खी रांग पट्ट्यात.

आमची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. वीस बाय वीस फुटांवर लावलेली, जुन्या पद्धतीची. बांधावरून तिरकं पाहिलं तर चार झाडांच्या पलीकडे काही दिसत नाही, झाडाआड झाड येतं. ओळीच्या टोकाला जाऊन उभे राहा, शेवटच्या झाडापर्यंतची बोळ मोकळी दिसते. शिकवताना मी गावाकडच्या मुलांना हेच सांगायचो: मशीनगनला ओळीचं टोक द्या. तुम्ही शहरातले असाल तर वर्धा रोडवर मेट्रोच्या खांबांकडे पाहा. रस्त्याच्या कडेला उभं राहिलं तर प्रत्येक खांब सुटा. रांगेच्या सरळ रेषेत आलात की सगळे खांब एकामागे एक येतात.

ही अक्कल काही विलायती नाही. रामटेकजवळ नगरधनचा किल्ला पाहिला नसेल तर जरूर पाहा. तटाच्या मध्ये-मध्ये बुरूज बाहेर काढलेले असतात ते कशासाठी? तटावर उभा असलेला माणूस तटाच्या पायथ्याला चिकटलेल्या शत्रूला मारू शकत नाही. त्यासाठी त्याला ओणवं व्हावं लागेल, आणि तो स्वतःच उघडा पडेल. बुरूज पुढे आलेला असल्यामुळे बुरुजावरचा माणूस शेजारच्या तटाच्या पायथ्यालगत, तटाला समांतर मारा करतो. या बुरुजाने त्या तटाला सांभाळायचं, त्या बुरुजाने या तटाला. शिवकाळातल्या किल्ल्यांचा गोमुखी दरवाजाही त्याच विचाराचा. आत येणाऱ्याला वळण घ्यायला लावायचं, म्हणजे त्याची बगल बुरुजाकडे होते.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. मशीनगन बाजूला तोंड करून ठेवली की तिच्या पुढच्या बाजूला आड घेता येते. खडक, बांध, टेकडीचा उंचवटा, काहीही. समोरून येणाऱ्या शत्रूला ती दिसत नाही, त्याची सरळ गोळी तिला लागत नाही. पण मग तिच्या स्वतःच्या समोर कोण मारणार? शेजारची मशीनगन. ही गन शेजाऱ्याच्या अंगणावर पहारा देते आणि शेजारची हिच्या अंगणावर. दोघींचे मारे मोर्च्यांच्या पुढे एकमेकांना छेदतात.

सांगायला सोपं आहे, पण माणसाला हे पटायला वेळ लागतो. माझ्या समोरून शत्रू येतोय आणि माझ्या गनचं तोंड दुसरीकडे, हे नव्या जवानाला सहन होत नाही. तो हळूच गन समोर वळवतो. त्याने गन वळवली त्या क्षणी शेजारच्या सेक्शनचं, म्हणजे छोट्या तुकडीचं, अंगण मोकळं पडलं, आणि शेजाऱ्याला ते कळलेलंही नसतं. म्हणून एमएमजीच्या माणसाला शिकवायची पहिली गोष्ट नेम नाही. तुझा जीव शेजाऱ्याच्या हातात आहे आणि त्याचा तुझ्या, हे त्याच्या हाडात मुरलं पाहिजे.

आता तुमच्या माथ्याकडे येऊ. माथा वाईट का? एक, आकाशाच्या पार्श्वभूमीवर माणूस उठून दिसतो. दोन, शत्रूच्या तोफा, मॉर्टर सगळ्यात आधी माथ्यावरच पडतात, कारण नकाशावर त्यालाही तोच दिसतो. तीन, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही: उंचावरून खाली मारलं की गोळी वरून येऊन जमिनीत रुतते. बीटन झोन आखूड होतो. तीच गन खाली, जमिनीलगत असली की सपाट जमिनीवर सुमारे ६०० मीटरपर्यंत गोळी उभ्या माणसाच्या उंचीच्या वर जातच नाही. त्या सगळ्या पट्ट्यात जो कोणी उभा असेल तो सापडतो, अंतराचा अंदाज चुकला तरीही. आपल्या फौजेत वापरतात ती ७.६२ ची एमएमजी तिपाईवर १८०० मीटरपर्यंत मारते, पण हल्ला मोडतो तो या शेवटच्या जमिनीलगतच्या पट्ट्यात.

याचा प्रसिद्ध दाखला दक्षिण आफ्रिकेतला आहे. ११ डिसेंबर १८९९, मॅगर्सफाँटेन. ब्रिटिशांशी लढणाऱ्या बोअर (डच वंशाच्या) लोकांचा सेनानी दे ला रे याने खंदक टेकडीवर न खणता टेकडीच्या पायथ्याशी, पुढच्या सपाटीत खणायला लावले. ब्रिटिश तोफांनी आदल्या दिवशी टेकडी भाजून काढली. तिथे फारसं कोणी नव्हतंच. पहाटे ब्रिटिशांची हायलँड ब्रिगेड दाटीवाटीने पुढे आली आणि पायथ्याच्या खंदकांतून जमिनीलगत गोळीबार सुरू झाला. त्यांचा जनरल वॉचोपही तिथे पडला. टेकडी तीच, बंदुका त्याच. फक्त माथा सोडून पायथा धरला.

हा धडा मी स्वतः चुकून शिकलो. नाईक असताना एका सरावात माझ्या हाती एक गन होती. मी ती उंचवट्याच्या टोकावर नेली. छान दिसत होतं, पार तीन शेतांपलीकडचा रस्तासुद्धा. सराव सुरू होण्याआधी आमचे उस्ताद आले. काही बोलले नाहीत. गनमागे पालथे झोपले, गाल बटला (गनच्या दस्त्याला) टेकवला आणि एका जवानाला म्हणाले, "सामने जाओ, फिर चलके वापस आओ." जवान दोनशे पावलं गेला आणि परत चालत येऊ लागला. आधी पूर्ण दिसला. मग कमरेपर्यंत. मग फक्त टोपी. मग तीस-चाळीस पावलं तो दिसलाच नाही, आणि एकदम गनच्या अगदी जवळ उगवला. उस्ताद उठले, मला म्हणाले, "अब तू लेट." मी झोपलो आणि तेच पाहिलं. उभ्याने जी जमीन मला सपाट वाटली होती तिच्यात तीसेक जवानांची अख्खी प्लाटून लपेल एवढा खळगा होता. गनचा डोळा जमिनीपासून फूट-दीड फुटावर असतो. माणसाचा साडेपाच फुटांवर. त्या दिवसानंतर मी उभ्याने एकही जागा ठरवली नाही.

अशा न दिसणाऱ्या खळग्याला आम्ही डेड ग्राउंड म्हणतो. ते प्रत्येक मोर्च्यासमोर असतंच; नाहीसं करता येत नाही, वाटून घेता येतं. एक गन तिथे पाहू शकत नसेल तर शेजारची पाहते का? तीही नसेल तर तिथे मॉर्टरचा मारा आधीच ठरवून ठेवायचा, नाहीतर तारा घालायच्या, सुरुंग घालायचे. तारांबद्दल एक सांगतो: तारा शत्रूला थांबवत नाहीत, रेंगाळवतात. म्हणून त्या गनच्या माऱ्याच्या रेषेला धरून घालायच्या. शत्रू तारांशी अडकला की तो आपोआप पट्ट्यात उभा असतो. तारा एकीकडे आणि मारा दुसरीकडे असेल तर दोन्ही वाया.

जागा ठरली की काम संपत नाही, उलट सुरू होतं. पुठ्ठ्यावर पेन्सिलीने रेंज कार्ड काढायचं: वडाचं झाड ३५०, पुलाचा कठडा ५००, असं. गन डावी-उजवीकडे जेवढी फिरवायची त्या आर्कच्या दोन्ही टोकांना जमिनीत लाकडी खुंट्या ठोकायच्या, म्हणजे काळोखात गन खुंटीला टेकली की कळतं, इथून पुढे आपलीच माणसं आहेत. एक ठरलेली रेषा असते, तिला फिक्स्ड लाइन म्हणतात. रात्री, धुरात, काहीही दिसत नसताना हुकूम आला की गन त्या रेषेवर लावायची आणि मारायचं. नळीच्या पुढची माती ओली करायची किंवा भिजवलेलं पोतं अंथरायचं. हे नाही केलं तर पहिल्या फैरीलाच धुळीचा लोट उठतो आणि तासन्‌तास लपवलेली गन मैलभरावरून दिसते. आपल्याकडच्या काळ्या मातीत तर मे महिन्यात भेगा आणि भुरभुर धूळ, पावसाळ्यात खंदकाच्या भिंती ढासळतात, तेव्हा पोत्यांचा आधार लागतोच. आणि शेवटचं म्हणजे दुसरी जागा. एकदा गनने तोंड उघडलं की तिची जागा शत्रूला कळली. उचलून न्यायला दुसरा खंदक आधीच खणलेला हवा, मध्ये जायची आड हवी.

इथवर चार गोष्टी झाल्या: मारा बगलेतून, पुढून आड, शेजाऱ्याशी देवघेव, आणि जमिनीला डोळा लावून पाहणं. पाचवी गोष्ट म्हणजे खोली, मागेही बळ ठेवणं. सगळी हत्यारं एकाच रेषेत मांडली आणि ती रेषा एका ठिकाणी फुटली तर मागे काहीच उरत नाही. काही हत्यारं मागे ठेवावीच लागतात, घुसलेल्याला घुसल्यावर मारायला.

रणगाड्यांविरुद्धही तत्त्व हेच. रणगाड्याचं पोलाद समोर सगळ्यात जाड असतं, बगलेला पातळ. १९६५ च्या पाकिस्तान युद्धात, सप्टेंबरात, पंजाबातल्या खेमकरण भागात असल उत्तरला आपले रणगाडे आणि तोफा उसाच्या शेतांत, घोड्याच्या नालेसारख्या आकारात लपवल्या होत्या. पाकिस्तानचे पॅटन रणगाडे त्या नालेच्या पोटात शिरले. ४ ग्रेनेडियर्सच्या अब्दुल हमीद यांनी जीपवरची १०६ मिलिमीटरची आरसीएल (रणगाडाविरोधी रिकॉइललेस तोफ) पिकांच्या आडोशाला ठेवून मारा केला आणि जागा बदलत राहिले. ही तोफ उडाली की मागे धुळीचा मोठा ढग उठतो, एकाच जागी थांबणं म्हणजे मरण. १० सप्टेंबरला ते पडले. परमवीरचक्राबद्दल सगळ्यांना माहीत असतं. त्या माणसाने जमीन किती बारकाईने वाचली होती, हे फार कमी लोक सांगतात.

आणि जिथे जमीनच साथ देत नाही तिथे काय होतं, तेही सांगितलं पाहिजे. १८ नोव्हेंबर १९६२, चीनशी युद्ध, लडाखमधलं रेझांग ला. मेजर शैतान सिंग यांची १३ कुमाऊंची कंपनी. प्लाटून एकमेकींपासून दूर पसरलेल्या, आणि मधल्या उंच कड्यामुळे आपल्या तोफांचा मारा तिथे पोहोचतच नव्हता. शेवटच्या गोळीपर्यंत ते लढले, ११४ जण तिथेच पडले. त्यांच्या शौर्याबद्दल मी काय बोलणार. पण वर्गात मी हे उदाहरण घेतलं की मुलांना एकच विचारायचो: तुमच्या मोर्च्याला मदत कोण करणार, आणि त्याच्या आणि तुमच्या मध्ये काय आहे? हे न विचारता मोर्चा घालणं म्हणजे माणसांना एकटं सोडणं.

आता तुमची सीताबर्डी. एक दुरुस्ती आधी: आज दिसतो तो किल्ला इंग्रज आणि भोसले यांच्या लढाईच्या वेळी नव्हता, तो इंग्रजांनी नंतर बांधला. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला तिथे उघड्या दोन टेकड्या होत्या, दक्षिणेला मोठी आणि उत्तरेला छोटी. रेसिडेंट (दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी) जेनकिन्स आणि लेफ्टनंट कर्नल स्कॉट यांच्याकडे हजार-दीड हजार माणसं आणि सहा पौंडी चार तोफा. नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसल्यांची फौज कितीतरी पट मोठी, त्यात अरबांची कडवी तुकडी. २६ च्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला. २७ ला सकाळी अरबांनी छोटी टेकडी घेतली आणि तिथली हाती लागलेली तोफ मोठ्या टेकडीकडे वळवली. त्या तासाभरात इंग्रजांचं सगळं संपायला आलं होतं. कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने खाली मैदानात धडक मारली आणि मागोमाग पायदळाने छोटी टेकडी परत घेतली, तेव्हा डाव फिरला.

नागपूरकर म्हणून मला ती सकाळ वाचताना आजही हुरहुर लागते. पण शिपाई म्हणून मला तिथे दिसतं ते हे: मोठी टेकडी मोठी असली तरी तिची किल्ली छोट्या टेकडीत होती. छोटी शत्रूकडे गेली की मोठीची बगल उघडी. तुम्ही दोन्ही मशीनगन मोठीवर ठेवल्या आणि छोटी मोकळी सोडली, म्हणजे अरबांना जे लढून मिळवावं लागलं ते तुम्ही आधीच देऊन टाकलं.

मी काय करीन? दोन्ही माथे मोकळे ठेवीन, तिथे फक्त दुर्बीण आणि एक माणूस. एक गन मोठ्या टेकडीच्या उत्तर खांद्यावर, माथ्याच्या बरीच खाली, खडकाआड. तिचं तोंड छोट्या टेकडीच्या शहराकडच्या उताराच्या पायथ्याकडे. दुसरी गन छोट्या टेकडीच्या दक्षिण खांद्यावर, तिचं तोंड मोठीच्या शहराकडच्या पायथ्याकडे. म्हणजे एकमेकींचं अंगण राखणाऱ्या. दोन्हींच्या पुढे खडक, दोन्हींच्या माऱ्याचा छेद दोन टेकड्यांमधल्या खळग्यापुढे. त्या खळग्यात मागे एक प्लाटून राखीव, छोटी टेकडी गेलीच तर ताबडतोब परत घेण्यासाठी. पश्चिमेकडची बाजू एलएमजींवर (हलक्या मशीनगनवर) सोडीन, आणि तिथे माणसं कमी पडतील हे मान्य करीन. सगळीकडे सारखं बळ ठेवणारा कुठेच पुरा पडत नाही.

यातलं एक मात्र तुम्हाला मॉडेलवरच तपासावं लागेल. त्या काळी वस्तीची घरं छोट्या टेकडीच्या किती जवळ आली होती, त्यावर सगळं अवलंबून आहे. पायथ्याशी झोपड्या असतील तर शत्रू तिथवर आडोशाने येतो आणि माझ्या पहिल्या गनचा पट्टा अर्धा वाया जातो. तसं असेल तर गन आणखी खाली आणि आणखी उत्तरेला सरकवा. जुना नकाशा मिळवा, घरं आधी बसवा, मग गन मांडा. आणि मांडल्यावर टेबलाजवळ उभं राहून पाहू नका. गुडघे टेका, हनुवटी टेबलाच्या कडेला लावा, एक डोळा मिटा आणि गनच्या जागेवरून शहराकडे पाहा. एक प्यादं हळूहळू पुढे सरकवायला कोणाला तरी सांगा. ते कुठे नाहीसं होतं तिथे खडूने खूण करा.